तीन खाचांचे मुटके

नवऱ्याचा डबा घासायच्या आधी तो हुंगायची सगुणाला खोड होती. त्यानं काय खाल्लं, काय टाकलं, कुणाच्या डब्यातलं घेतलं, हे आपल्याला वासावरून कळतं असा तिचा दावा होता. धर्मराज म्हणायचा, "तुला पोलिसातच घ्यायला पाहिजे होती." तो तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत होता. सकाळी दिघ्याच्या रस्त्यावर कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी दमूनभागून रिकामा डबा दारात वाजवायचा, असा त्याचा नेम.

त्या सोमवारी डबा वाजला नाही. सगुणानं झाकण काढलं तर आत दोन मुटके.

आता मुटके म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ज्यांना पोटभर मटण मिळालं त्यांच्या घरी ते कधी झालेच नसतील. पावशेर मटणात सात तोंडं भागवायची तर दुसरा इलाज नसतो. बाजार उठताना खाटीक उरलंसुरलं स्वस्तात देतो ते आणायचं. पाट्यावर त्याचा खिमा करायचा. खिम्याहून जास्त ज्वारीचं पीठ, वर कांदा, लसूण, तिखट घालून मळायचं आणि एकेक गोळा मुठीत धरून दाबायचा. मूठ उघडली की गोळ्यावर बोटांच्या खाचा उठलेल्या असतात. मग ते मुटके येसराच्या उकळत्या रश्श्यात सोडायचे. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ, त्यानं रस्सा दाट होतो आणि खाचांमधून धरून राहतो. पोटाला आधार होतो आणि मटण खाल्लं असं गावात सांगताही येतं.

सगुणा दर दुसऱ्या रविवारी मुटके करायची. पगार बरा होता, अख्खं मटण आणता आलं असतं, पण तिला मुटकेच हवे असायचे. ती आठ वर्षांची असताना आई गेली. मागे ना फोटो राहिला ना लुगडं. राहिले ते हे मुटके. त्यामुळे त्यात कुणी नाक खुपसलेलं तिला खपत नसे. शेजारची वैजयंती कोकणातली, जिभेला हाड नसलेली. ती एकदा म्हणाली होती, "अगो, सगळ्यांच्या मुटक्याला चार खाचा. तुझ्याच मुटक्याचा एक दात कसा पडला?"

खरंच होतं ते. सगुणा करंगळीशेजारचं बोट तळहातात दुमडून घ्यायची आणि उरलेल्या तिनांनी दाबायची. आई तशीच करायची, तिनं पाहिलं होतं. खाचा तीन उठायच्या आणि मध्ये एक उंचवटा राहायचा.

"आमच्यात असेच करतात," ती वैजयंतीला म्हणाली होती, आणि वर दोन दिवस बोलली नव्हती.

तर डब्यात ते दोन मुटके बघून तिच्या कपाळावर आठी चढली. "शिळे मुटके घेऊन हिंडताय व्हय? खायचे नव्हते तर तसं सांगायचं."

"अगं, तुझे कुठले?" धर्मराज चपला काढत म्हणाला. "तू आज मेथी दिली होतीस. कंपनीजवळ नावड्याला चांगुणाबाईची खानावळ हाय, कामावरचा मारोती म्हणाला चल, आज मुटके हायेत. मी चार खाल्ले. एकदम तुझ्यासारखे लागले, म्हणून दोन तुला दाखवायला आणले."

सगुणानं एक मुटका उचलून दाराच्या उजेडात धरला. दोन खाचा, मग उंचवटा, मग करंगळीची बारीक खाच.

आधी तिला रागच आला, कुणीतरी घरात शिरून आपलं काही उचलून नेल्यासारखा. मग तिनं दुसरा मुटका पाहिला. तोही तसाच. वैजयंतीला दिलेलं ते उत्तर तिला आठवलं, आमच्यात असेच करतात. आमच्यात म्हणजे कुणात? सासरी चार खाचा. गावात आत्या, चुलत्या, सगळ्यांच्या चार. तीन खाचा फक्त दोघींच्या, तिच्या आणि तिच्या आईच्या. आणि आईला मरून सोळा वर्षं झाली होती. सगुणा मोरीच्या कट्ट्यावर बसली.

बहात्तरच्या दुष्काळात आई-बा जालन्याकडे तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. मजुरी मिळायची, पोरांना खायला सुकडी मिळायची. आईच्या उजव्या हाताला तेव्हा कायम चिंधी बांधलेली असायची. खडी लागली म्हणायची. एक दिवस बा तिला दवाखान्यात घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी एकटाच परत आला. म्हणाला, पटकीनं गेली, पटकीचं मढं घरी देत नाहीत. लहानग्या सगुणाला एवढंच कळलं की आता मुटके होणार नाहीत. वर्षभरात बा तिला घेऊन इकडं आला आणि दिघ्याच्या दगडखाणीत लागला. समाजातल्या लोकांनी मयताच्या नावानं करतात ते पुण्यानुमोदन करायचं काढलं, तेव्हा बा सकाळीच कुठं निघून गेला तो दुसऱ्या दिवशी उगवला. लोक म्हणाले, बायकोवर फार जीव होता बिचाऱ्याचा.

तो बा, गंगाराम, आता थकून लेकीकडेच राहत होता आणि त्या वेळी दारापुढच्या खाटेवर तंबाखू मळत बसला होता. त्याला शिळी भाकरी, कच्चा कांदा, सगळं पचायचं. फक्त मुटके जड जायचे. रविवारी सगुणा मुटके करायला बसली की तो उठून टेकडीवर जायचा.

तिनं दोन्ही मुटके ताटलीत घातले आणि ताटली त्याच्यासमोर धरली.

गंगारामनं पाहिलं. मग वाकून अगदी जवळून पाहिलं. तळहातावरची तंबाखू धोतरावर सांडली ती त्यानं झटकलीही नाही.

"कुठनं आनलेत?" त्यानं विचारलं.

"नावड्यावरनं."

"मंग नावड्याला हाय ती," बा म्हणाला.

सगुणाला वाटलं होतं, बा म्हणेल, अशा खाचा कुणाच्याही हातून पडतात. वेडी झालीस म्हणेल. त्याऐवजी हा माणूस हरवलेल्या शेळीचा पत्ता लागावा तसा बोलत होता.

"बा, मंग मेलं कोन?"

"कुनीच न्हाई मेलं."

धर्मराज दारात येऊन उभा राहिला होता. जावयासमोर बोलावं की नाही हे म्हाताऱ्याला ठरवता येईना. सगुणा म्हणाली, "बोला. त्यांनी चार खाल्लेत."

मग गंगाराम बोलला, खाली बघत, तुटक तुटक. सगुणाच्या आईच्या, वेणूबाईच्या हाताला खडी लागलीच नव्हती. महारोग होता तो. आधी हाताला ऊन-गार कळेनासं झालं, मग जखमा भरेनात, मग करंगळीशेजारचं बोट गेलं. कुणाला दिसू नये म्हणून ती चिंधी. गावाला कळायच्या आत तिनंच ठरवलं. पनवेलच्या पलीकडे असल्या रोग्यांचा एक आश्रम आहे म्हणून कुणी सांगितलं होतं. गंगाराम तिला तिथं घेऊन आला.

"दारातच मला म्हनली, जाऊन सांगा वेणू मेली म्हनून. महारोगिनीची लेक कोन करंल? मेलेल्या बाईच्या लेकीला नवरा मिळतो. मी न्हाई म्हनलो. ती म्हनली, मंग मी खरंच मरते, हिथंच." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "गावात राहून येनं-जानं व्हयना, म्हनून दिघ्याला आलो. सा-सा महिन्यानं जायाचो. तुझं लगीन झालं त्या वर्षी म्हनली, आता येऊ नगा, पोरीच्या सासरी कुनी माग काढंल. पुढच्या खेपंला गेलो तर बरी होऊन निघून गेल्ती. कुठं ते सांगून न्हाई गेली."

सगुणाला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. लहानपणी ती पाट्याशेजारी बसून आईच्या मुठीकडे बघत राहायची. आई ते बोट आत दुमडून घेते असंच तिला वाटायचं. ते बोट तिथं नव्हतंच. आणि ती मात्र आपलं धडधाकट बोट सोळा वर्षं इमानेइतबारे दुमडत आली होती.

धर्मराज मोरीत गेला. हातावर पाणी ओतल्याचा आवाज आला, साबण घासल्याचा आला. बाहेर आला तेव्हा सगुणा त्याच्याकडेच बघत होती आणि तो एवढा ओशाळला की ओले हात त्यानं पाठीमागे लपवले. चांगला माणूस होता, पण माणूसच होता.

"उद्या मी नावड्याला जाणार," ती म्हणाली.

"मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला.

गंगाराम मात्र यायला तयार झाला नाही. "मला बगितलं की ती तिथूनबी उठून जाईल," तो म्हणाला. "तूबी बग. अंगाशी जाऊ नको एकदम. तिला कुनी हात लावलेला चालत न्हाई. जात व्हतो तवा मलाबी लावू दिला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याहून पनवेलला जाणारी यष्टी त्यांनी रस्त्यात हात दाखवून थांबवली. खिडकीतून कंपन्यांच्या भिंती मागे जात होत्या. आई भेटेल का, ही सगुणाची भीती नव्हती. भेटून परत निघून जाईल, ही होती. मेलेली बाई एकदा सापडली, दुसऱ्यांदा कोण शोधून देणार?

कळंबोलीला गाडी बदलून नावड्याकडे निघाल्यावर धर्मराज म्हणाला, "काल हात धुतले ते मनाला लावून घेऊ नको."

"नाय घेतलं."

"चार खाल्ले ते खाल्लेच. आज मिळाले तर आजबी खाईन."

ती थोडी त्याच्याकडे सरकून बसली.

चांगुणाबाईची खानावळ म्हणजे नावड्यातल्या तिच्या घराची पडवी. चार बाकं, एक पाण्याचा पिंप. चांगुणाबाई तिथलीच, शेत गेलं, कंपन्या आल्या, तेव्हा कंपनीवाल्यांना जेवू घालायला लागली. अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. जेवणाची वेळ व्हायची होती. सगुणानं मुटके करणाऱ्या बाईला भेटायचंय म्हटल्याबरोबर तिनं कमरेला पदर खोचला.

"कनाला भेटाचाय? कुनी काय सांगितलंय तुमाना?"

"कुणी नाही सांगितलं. भेटायचंय."

"बघ बाय, तिच्याकं डाक्टरचा कागद हाय. रोग कवाच गेला, नुसती बोटाची खून रायली. माजी पोरा तिच्या हातचा जेवतान. तुमाना नको असंल तर जेवू नका, पन हितं बोंबाबोंब करायची नाय."

"मी तिची लेक हाय," सगुणा म्हणाली.

चांगुणाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिला लेक नाय," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "पाच वरसा हाय माज्याकं. कुनी नाय म्हनते मागंपुढं." मग तिनं सगुणाच्या तोंडाकडे आणखी एकदा पाहिलं, आणि वाटेतून बाजूला झाली. धर्मराजला मात्र तिनं बाकाकडे बोट दाखवलं.

मागच्या अंगणात पत्र्याखाली चूल होती. पाट्यासमोर एक बाई पाठमोरी बसली होती. केस पांढरे, पाठ एवढीशी. सगुणाच्या आठवणीतली आई उंच होती. शेजारी परातीत मळलेला खिमा होता आणि ताटात मुटके मांडलेले होते, तीन तीन खाचांचे. पावलं वाजली तशी बाईनं मागे वळून पाहिलं आणि झटक्यात पदर पुढं ओढून उजवा हात त्याच्याखाली घेतला.

"पुढं बसा बाई. हिकडं गिऱ्हाईक येत न्हाई."

"मी सगुणा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. पदराआडून आवाज आला, अगदी सपाट, घोकून ठेवल्यासारखा. "सगुणाची माय पटकीनं मेली. बहात्तर साली."

"बानं सगळं सांगितलं काल."

"त्यानं सांगायचं नव्हतं. शब्द दिल्ता त्यानं." तिनं पडवीकडे बघितलं. "तुझा मालक आलाय का संगं? त्याला ठाव हाय? सासूला ठाव हाय? जा बाई तू. लांब हो. आजच्याला दुपारचं उरकते, उद्या मी हिथं नसंल. कुनी इचारलं तर म्हन, दुसरीच व्हती."

सगुणा एक पाऊल पुढं आली तशी ती बसल्या जागी मागे सरकली, भिंतीपर्यंत. "हात लावू नको. डाक्टर म्हनतो ऱ्हाईला न्हाई रोग. डाक्टरला काय जातं म्हनायला."

सगुणाला बरंच बोलायचं होतं. रात्रभर मनात जुळवलं होतं. तू मेलीस म्हणून मी रडले, तुझ्या नावानं पुण्यानुमोदन मागितलं, माझी हळद दुसऱ्यांच्या आयांनी लावली, मला विचारलं का कुणी, मला नवरा हवा की आई. संतापही होता त्यात, आणि तो खोटा नव्हता. पण समोर पदरात गुंडाळलेलं ते गाठोडं होतं. पुढं जावं तर ही भिंत फोडून पळेल. मागे फिरावं तर उद्या नसेल.

मग तिला काही सुचेना म्हणून ती आहे तिथंच खाली बसली. लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले. परातीतला एक गोळा उचलला, सवयीनं मुठीत धरून दाबला आणि ताटात ठेवला. दुसरा केला. तिसरा केला. डोळे भरून आल्यामुळे तिला ताट धड दिसत नव्हतं, पण या कामाला डोळे लागत नाहीत.

वेणूबाई पदराच्या फटीतून ताटाकडे बघत होती.

तिच्या मुटक्यांशेजारी हे तीन येऊन बसले होते. दोन खाचा, उंचवटा, करंगळीची खाच. तिच्या मुटक्यांत मिसळले असते तर निवडता आले नसते. ती बघत राहिली आणि बघता बघता तिचा चेहरा राखेसारखा झाला. पदर खांद्यावरून घसरला, त्याचं तिला भान राहिलं नाही.

"बोट कुठाय?" तिनं विचारलं.

सगुणाला कळलं नाही. चौथा गोळा तिच्या मुठीत होता.

"तुझं बोट कुठाय गं?" म्हातारी ओरडली आणि जी बाई सोळा वर्षं कुणाच्या अंगाला लागली नव्हती ती परात ओलांडून आली. तिनं दोन्ही हातांनी सगुणाची मूठ धरली आणि उचकटायला लागली. तिच्या बोटांत जोर नव्हता, तरी तिनं उचकटली. खिमा दोघींच्या हातांना माखला. "कधी झालं? हाताला कळतं का तुझ्या? चटका कळतो का? कुनाला दाखवलं का न्हाई? मी कशासाठी मेले मंग, कशासाठी मेले मी?"

मूठ उघडली. आत दुमडलेलं बोट सरळ झालं. पुरतं होतं, नखासकट.

वेणूबाईनं ते खिमा पुसून पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. चिमटा काढला. सगुणा कळवळली तशी तिनं पुन्हा एक काढला.

"धड हाय की हे," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "मंग दुमडती कशाला, येडे?"

"तू दुमडायचीस."

"मला नव्हतं गं ते."

"मला काय ठाऊक? मी आठ वर्षांची होते. मला वाटलं, मुटके असेच करतात."

मग वेणूबाईची नजर खाली आली आणि आपल्या हातात काय आहे ते तिला दिसलं. लेकीचा हात होता. तिनं तो टाकून द्यायची हालचाल केली, पण आता सगुणानंही धरला होता, आणि सगुणाच्या हातात जोर होता.

पडवीतून चांगुणाबाईची हाक आली, गिऱ्हाईकं बसलीत, पहिला मुटके मागतोय. तो धर्मराजच असणार.

"सोड. रस्सा करपंल," वेणूबाई म्हणाली.

"करपू दे."

म्हातारीनं दुसरा हात मोकळा केला. मग परातीतून एक गोळा उचलून सगुणाच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर एकेक करून मिटली. करंगळीशेजारचं बोट सवयीनं आत जायला लागलं. वेणूबाईनं ते धरून गोळ्यावर टेकवलं, वर आपला हात ठेवला आणि दाबलं.